थंडीतली पेट्रोलियम जेली: टाचांना पाच तारे, झाकणाला शून्य, आणि नातीनं खाल्ली त्याची हकीकत

बरणी घेतली डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कॉलनीतल्या मेडिकलमधून. २५० ग्रॅमची, एकावर एक फुकट. नाशकात थंडी पडली की निफाडचा पारा किती उतरला ते जो तो सांगतो, माझ्या टाचांचं काय झालं ते कोणी विचारत नाही. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. शिफॉनची साडी मांडीवरून घरंगळून पायाशी आली की टाचेच्या भेगेत तिचा धागा अडकतो. एका गिऱ्हाइकाच्या साडीचा असा धागा ओढला गेला आणि पदराजवळ वीतभर रेघ उठली. फॉलचे पैसे तर सोडाच, वर दोन ब्लाउज फुकट शिवून द्यावे लागले. त्या दिवशी संध्याकाळीच जाऊन बरणी आणली.

आपण कुठल्याही पेट्रोलियम जेलीला व्हॅसलिनच म्हणतो, पण माझी बरणी त्या कंपनीची नव्हती. कुणाची होती ते लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी चांगलं सांगते. टाचांना हिचा गुण येतो, फक्त लावायची रीत आहे. कोरड्या टाचेवर थापून काही होत नाही. ही जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून रात्री पाय कोमट पाण्यात बुडवायचे, अर्धवट टिपायचे, ओलसर असतानाच जेली चोळायची आणि जुने सुती मोजे चढवायचे. सहाव्या दिवशी माझी टाच साडीवरून फिरवली तर धागा अडकला नाही. ओठांना उत्तम. केसांना डाय लावताना कपाळाच्या कडेला बोट फिरवलं तर डाग धरत नाही. वास नाही, रंग नाही, झोंबत नाही. कापडाला लागली तर मात्र वैताग. तेलाचा डाग निदान पसरतो आणि कळतो, हिचा डाग इस्त्री फिरवल्यावर उगवतो. शिवणकामवाल्या बायकांनी हात पुसल्याशिवाय कापडाला हात लावू नये.

आता ११ जानेवारीची गोष्ट.

नात १६ महिन्यांची, घरात चिऊ म्हणतात. सून बँकेत, मुलगा पहिल्या पाळीला, आमचे हे रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले. घरात जागी माणसं तीन: मी, चिऊ आणि ८४ वर्षांचे माझे सासरे, नाना. नाना पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडावर होता. मी कटोरी ब्लाउजला अस्तर जोडत होते. कटोरी जोडताना डोळा वर करता येत नाही, शिवणाऱ्या बाईला हे सांगायला नको. चिऊ पलंगापलीकडे बसून एकटीच बोलत होती. मग बोलायची थांबली. लहान मूल गप्प झालं की समजावं, काहीतरी सापडलंय.

बरणी तिच्या मांडीत, झाकण बाजूला. चारही बोटं बरणीत आणि मग तोंडात. गाल, हनुवटी, पुढचे केस, सगळं चकाकत होतं. बरणीच्या कडेला दोन दुधाच्या दातांची नक्षी उमटलेली, आणि आत बोटांच्या चार समांतर चऱ्या, पिठलं पुसून खाल्लेल्या थाळीसारख्या. माझ्याकडे बघून हसली तर जिभेवर पांढरा गोळा.

माझे हातपाय गळाले. जेली काय असते ते माहीत नव्हतं म्हणून नाही, नावातल्या ‘पेट्रोलियम’मुळे. मुलाला फोन लावला आणि म्हटलं, चिऊनं पेट्रोल खाल्लं. तो कंपनीत ओरडला असणार, कारण मागचे आवाज एकदम बंद झाले.

शेजारच्या काकू माझा आवाज ऐकून आल्या. त्यांनी लगेच तोडगा काढला: मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल. ग्लासात मीठ ढवळूनही झालं होतं. मी बालरोगतज्ज्ञांना फोन लावत होते, तेवढ्यात चिऊ ग्लासाकडे हात करायला लागली. तिला काय, पाणी दिसलं.

डॉक्टरांचं नशीब म्हणा की माझं, फोन दुसऱ्या रिंगला उचलला. पहिला प्रश्न, ‘आजी, ती खोकतेय का? श्वास नीट आहे का? आवाज बसलाय?’ मी म्हटलं, हसतेय. दुसरा प्रश्न, ‘साधी जेली आहे, का त्यात कापूर, मेंथॉल, निलगिरी असलं काही आहे? बरणीवर वाचा.’

इथे झाकणाच्या आधीची तक्रार येते. मी रोज सुईच्या नेढ्यात धागा ओवते, चष्म्यानं का होईना. त्या बरणीवरची अक्षरं मला वाचता आली नाहीत. पांढऱ्यावर फिकट पिवळी छपाई, तीही मुंगीएवढी, सगळी इंग्रजीत. डॉक्टर फोनवर, मूल कडेवर, काकू मिठाचा ग्लास घेऊन उभ्या, आणि मी बरणी उजेडात तिरपी करतेय. शेवटी नानांच्या फोनमधून फोटो काढून मोठा केला. ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी’, म्हणजे साधी जेलीच, आणि खाली ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ एवढंच होतं. डॉक्टरांनी सुटकेचा आवाज काढला, तो मला फोनवर ऐकू आला.

मग त्यांनी जे सांगितलं ते क्रमानं केलं. मलमलीची चिंधी ओली करून बोटाला गुंडाळली आणि तोंडातून गोळा पुसून काढला. गालाच्या आत आणखी एक साठवलेला होता, खारीसारखा. हात पुसले, केस पुसले. दोन घोट पाणी दिलं, साधं. उलटी काढायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मिठाचं पाणी लहान मुलाला पाजलं तर रक्तातलं मीठ वाढून भलतंच संकट उभं राहतं, आणि उलटी होताना तेलकट वस्तू श्वासनळीत जायची भीती. पोटात आहे तिथे ती निमूट आहे, तिला परत वर बोलवू नका, असं म्हणाले. काकूंनी ग्लास मोरीत ओतला. थोड्या रागावल्याच.

किती खाल्ली हे डॉक्टरांना हवं होतं. दुसरी फुकटची बरणी सीलबंद होती, ती उपयोगी पडली. सून रविवारी केक करते, तिचा वजनकाटा काढला. सीलबंद २९८ ग्रॅम, उघडी २७१. म्हणजे २७ ग्रॅम गेली. त्यातली दहा-बारा आम्हा दोघांच्या टाचांना लागली असणार, चार-पाच चादरीवर आणि केसांत. पोटात राहिली साधारण दहा ग्रॅम. मोठा चमचाही नाही.

‘मग काही होणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘उद्या लंगोट भरेल. खोकला, धाप, ताप आला किंवा एकसारख्या उलट्या झाल्या तर मात्र थेट घेऊन या, फोन करत बसू नका.’

झालंही तसंच. दुपारी वरणभात खाल्ला, झोपली. रात्री नेहमीसारखी रडली. सकाळी पहिली शी पातळ आणि चकचकीत, दुसरी तशीच, तिसऱ्या दिवशी पूर्ववत. लंगोट मी जुन्या धोतराचे शिवते. त्या दिवशीचा लंगोट नळाखाली धरला तर पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं, कापड भिजेचना. भांड्यांचा साबण आणि कढत पाणी, दोन वेळा. तेव्हा मला नीट कळलं की जी वस्तू आत गेली तीच, जशीच्या तशी, बाहेर आलीय.

तिसऱ्या दिवशी तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं, असं कसं? तूप खाल्लं तर ते अंगी लागतं, हे का नाही? त्यांनी कागदावर रेघा काढल्या. तूप, तेल, लोणी यांच्या रेणूंमध्ये सांधे असतात. आपल्या आतड्यात चरबी पचवणारा जो रस येतो तो त्या सांध्यावर कात्री चालवतो, तुकडे होतात, तुकडे शोषले जातात. पेट्रोलियम जेली म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या नुसत्या लांबच लांब साखळ्या. कात्री चालवायला सांधाच नाही. शिवणातली उपमा मला लगेच पटली: सांध्यावरून टाके उसवता येतात, अखंड ताग्याला काय उसवणार? म्हणून ती आतड्याला वंगण लावत लावत निघून जाते. जुलाब होतात ते विषामुळे नाही, वंगणामुळे.

नावाचाही उलगडा झाला. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही उडणारी मंडळी निघून गेल्यावर जो जड, मेणचट भाग उरतो, त्याची ही जेली. औषधी दर्जाची असेल तर ती पुष्कळ शुद्ध केलेली असते. नीट शुद्ध न केलेल्या मालात घातक द्रव्यं राहू शकतात, म्हणून सुटी, बिनलेबलची, डब्यातून काढून देतात तसली घेऊ नका. ‘आयपी’, म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपल्याकडचं औषधांचं अधिकृत मानक; ही दोन अक्षरं शोधा, भिंग लावून का होईना.

मुलानं रात्री आणखी भर घातली. ही जेली विकायला काढणारा रॉबर्ट चेसब्रो. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी तेल लागलं तेव्हा तिथे गेला. पंपाच्या दांड्यांवर एक काळपट मेणचट थर साचायचा, यंत्र अडायचं, कामगार शिव्या द्यायचे आणि कापलं-भाजलं की तोच थर जखमेवर चोळायचे. यानं तो थर घरी नेला, गाळला, पांढरा केला, १८७२ मध्ये पेटंट घेतलं. म्हणे रोज चमचाभर खायचा, आणि १९३३ मध्ये ९६ वर्षांचा होऊन गेला. नाना म्हणाले, ‘मग चिऊचं काय चुकलं?’ विनोद बरा होता, पण ९६ वर्षं जगला ते जेली खाऊन, हे सिद्ध कोणी केलं? नाना ८४ वर्षं चहात बुडवून खारी खातायत.

पण नानांचा विनोद त्यांच्यावरच उलटला. ते बद्धकोष्ठासाठी जे औषध घेतात त्यात लिक्विड पॅराफिन आहे. म्हणजे ह्याच जेलीचं पातळ भावंड. चार वर्षं रोज रात्री, अंथरुणात आडवं होऊन, उशाशी टेकून दोन चमचे. डॉक्टर बालरोगतज्ज्ञ असले तरी हे ऐकून खुर्चीत सरळ बसले. त्यांचं म्हणणं असं की पोटात गेलेली ही वस्तू निरुपद्रवी, फुप्फुसात गेलेली नाही. पाणी श्वासनळीत गेलं तर ठसका लागतो आणि बाहेर पडतं. हे तेल इतकं सौम्य की घशाला ते आल्याचा पत्ताच लागत नाही, ठसका न लागता खाली उतरतं. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळतात, पण त्यांनाही ते पचवता येत नाही. ते तिथेच राहतं, भोवती सूज धरते, आणि न्युमोनियासारखं दुखणं जडतं, ज्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. तान्ही मुलं आणि गिळायला त्रास होणारी म्हातारी माणसं, दोघांनाही हा धोका जास्त. शिवाय महिनोन्‌महिने घेतलं तर अन्नातली ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं त्याच्याबरोबर वाहून जातात. नाना आता औषध बसून घेतात आणि जेवणानंतर लगेच नाही, झोपतानाही नाही. औषध बदलायचं का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला पुढच्या आठवड्यात जायचंय. नाना म्हणतात, मला काही झालेलं नाही. मी म्हणते, टाचेची भेगसुद्धा साडी अडकेपर्यंत दिसत नाही.

यातून ह्यांचंही एक प्रकरण निघालं. कंपनीत धूळ, थंडीत नाक कोरडं पडतं, म्हणून झोपताना दोन्ही नाकपुड्यांत जेलीचं बोट फिरवायची सवय. ही आमच्या घरातच नाही, दहा घरांत असेल. आडवं झालं की अंगाच्या उबेनं ती मऊ होते आणि नाकामागून घशात, घशातून कधी श्वासनळीत उतरते. एखाद्या दिवशी बाहेरच्या कडेला किंचित लावली तर काही नाही, पण वर्षानुवर्षं रोज रात्री आतपर्यंत नको. नाकात तेलकट थेंब घालणाऱ्यांच्या फुप्फुसात तेल सापडल्याचं १९२५ मध्येच डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय, असं मुलानं वाचून दाखवलं. हे आता मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा फवारा वापरतात. चेहरा वाईट करून मारतात, पण मारतात.

डॉक्टरांनी निघताना विचारलं, ‘घरात चिऊच्या हाताला लागेल असं अजून काय आहे?’ मी कपाट, फिनेल, नानांच्या गोळ्या सांगत गेले. तेवढ्यात मनात चमकलं आणि पोटात गोळा आला. मशीनचं तेल. चोचीची प्लास्टिकची बाटली, मशीनच्या पायाशी, फळीवर, चिऊच्या बरोबर डोक्याच्या उंचीला. गेली तीस वर्षं माझी बाटली तिथेच असते.

डॉक्टर म्हणाले, ‘जेली घट्ट होती म्हणून तुम्ही आज हसताय.’ घट्ट पदार्थ घशात चिकटतो, सावकाश उतरतो. पातळ तेल एका घोटात सुटतं आणि श्वासनळीत शिरायला त्याला वेळ लागत नाही. रॉकेलचं तेच, म्हणून रॉकेल प्यायलेल्या मुलाला कधी ओकवत नाहीत. मी ‘पेट्रोलियम’ या शब्दाला घाबरले आणि चोचीच्या बाटलीला तीस वर्षांत एकदाही नाही.

आणखी दोन वस्तू त्यांनी सांगितल्या त्या इथे टाकते, कारण त्याही जेलीच्या बरणीशेजारीच असतात. सर्दीचा चोळायचा मलम दिसायला जेलीचाच भाऊ, पण त्यात कापूर असतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्या वेळातच आकडी येऊ शकते. तिथे ‘बघू काय होतं’ चालत नाही, लगेच दवाखाना. देवघरातला कापूर तोच. दुसरं, सांधेदुखीच्या बामात आणि तेलात विंटरग्रीनचं तेल असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं सख्खं नातं. त्या निव्वळ तेलाचा ५ मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे कित्येक ग्रॅम अ‍ॅस्पिरिन. डॉक्टर फोन उचलत नसतील तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, फोन १८०० ११६ ११७. मी फ्रीजवर जाड स्केचपेननं लिहून ठेवलाय, बरणीवर लिहितात त्याच्या वीसपट मोठ्या अक्षरांत.

आता झाकण. अर्धा आटा फिरला की निघतं. मी नंतर मुद्दाम चिऊच्या हाताएवढी पकड करून, दोन बोटांनी फिरवून बघितलं, तरी निघालं. आत चांदीची चकती होती, तीही एकदा काढली की परत बसत नाही. रुंद तोंडाची बरणी मोठ्यांच्या टाचांसाठी सोयीची, आणि लहान हातासाठीही तेवढीच सोयीची. दाबून फिरवायचं झाकण औषधांना असतं तसं इथे बसवायला काय हरकत आहे? मेडिकलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मावशी, ही खाण्याची वस्तू नाही ना, म्हणून नसतं.’ मी म्हटलं, फिनेल खाण्याची वस्तू असते का?

आईनं गुहागरहून कोकमतेलाचा गोळा पाठवलाय, आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात. लहानपणी टाचांना तेच होतं, चुलीवर वितळवून भेगेत सोडायचे. गुण जेलीएवढाच, कदाचित जास्त, पण वितळवायचा खटाटोप आणि थोडा वास. पोटात गेलं तर ते अन्नच. माझा हात तरी रात्री जेलीकडेच जातो, कारण रात्री दहा वाजता कोण गॅस पेटवणार. आता जेली नळीतली आणते, २५ ग्रॅमची. महाग पडते पण एका वेळी वाटाण्याएवढीच बाहेर येते.

एकूण ५ पैकी ३ तारे. माल चांगला, म्हणून ३. झाकण आणि छपाईचे २ कापले. सीलबंद बरणी मेडिकलवाल्यानं परत घेतली नाही, फुकटची होती म्हणे, ती काकूंना दिली.

चिऊची उष्टी बरणी टाचांना लावायचा जीव होईना. ह्यांनी ती फाटकाच्या बिजागरीला लावली, चांगली तीन बोटं. फाटक आठ वर्षं कुरकुरत होतं, आता उघडलेलं कळतसुद्धा नाही. काल चिऊ बाहेर रिक्षेपर्यंत गेली तेव्हाच कळलं, म्हणून आता पुसून काढतोय.